अठरा कचेऱ्या आणि एक चावडी

दरवर्षी आठवीच्या मुलांना आम्ही कब्बन पार्कच्या सहलीला नेतो. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ती सहल आठवत असेल: डब्यातली गार झालेली थालीपिठे, ‘रांग मोडू नका’ असे ओरडून बसलेला बाईंचा घसा, आणि उद्यानाच्या कडेची ती लांबलचक तांबडी इमारत. आज तिथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. पण जुने बेंगळुरूकर तिला अजूनही ‘अठारा कचेरी’च म्हणतात. म्हैसूर राज्याच्या अठरा खात्यांची दफ्तरे एका छपराखाली आणण्यासाठी ती बांधली गेली आणि १८६८ साली पुरी झाली. रस्त्यापलीकडे तिच्यासमोर १९५६ साली बांधून झालेले विधानसौध उभे आहे. सरकारचे काम हे देवाचे काम, अशा अर्थाचे कन्नड शब्द त्याच्या दर्शनी भागावर कोरलेले आहेत.

काही वर्षांपूर्वी या दोन इमारतींच्या मधल्या पदपथावर उभी राहून आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘बाई, सरकारला एवढी जागा कशाला लागते हो?’

मी तेव्हा पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. राज्य मोठे, कामे पुष्कळ, म्हणून खातीही पुष्कळ. मुलीने मान डोलावली. पण तिचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. शाळेच्या हीरक महोत्सवी अंकासाठी लेख द्या असा आग्रह झाला, तेव्हा ते अर्धवट राहिलेले उत्तर पुरे करावे असे मनात आले. वाट थोडी लांबची आहे. ती अमेरिकेतल्या व्हर्जिनियापासून निघते आणि पुणे जिल्ह्यातल्या एका आठवडेबाजारातून जाते. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. तेव्हा एवढा प्रवास वाचक गोड मानून घेतील, अशी आशा आहे.

सरकारला जागा किती द्यावी, हा प्रश्न ज्यांनी आपल्या राज्याच्या जन्मापासूनच मध्यभागी ठेवला, ते म्हणजे अमेरिकेचे संस्थापक. १७७६ साली त्यांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्य पुकारले ते दुरून लादलेल्या करांच्या रागाने. सरकार म्हणजे लांबून येऊन आपल्या खिशात शिरणारा हात, हा त्यांचा अनुभव होता. तो हात आखूड कसा ठेवायचा याचा विचार त्यांच्यातल्या प्रत्येकाने केला. पण त्याला शेतीची जोड दिली ती मुख्यतः टॉमस जेफरसन यांनी. व्हर्जिनिया प्रांताविषयीच्या त्यांच्या पुस्तकात, जे १७८५ मध्ये पॅरिसला प्रथम छापले गेले, त्यांनी असे मांडले की परमेश्वराची निवडलेली माणसे कोणी असतील तर ती भूमीत राबणारी. जो स्वतःच्या शेतावर पोट भरतो तो कोणापुढे वाकत नाही; ज्याचे पोट गिऱ्हाइकाच्या किंवा मालकाच्या मर्जीवर चालते, त्याचे मतही हळूहळू त्या मर्जीप्रमाणे वळते. म्हणून कारखाने युरोपातच राहू द्यावेत, आपल्याकडे नांगर असावा, असे त्यांचे म्हणणे.

त्यांचे सारे राजकारण या शेतीविचारातूनच उगवलेले आहे. घरटी जमीन असेल तर माणसाला सरकारची फारशी गरजच पडणार नाही. सरकारने एवढेच पाहावे की कोणी कोणाला इजा करू नये. बाकी ज्याचा त्याचा उद्योग ज्याला त्याला करू द्यावा आणि कष्टकऱ्याने मिळवलेली भाकरी त्याच्या तोंडून काढून घेऊ नये. ४ मार्च १८०१ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांनी या आशयाचे भाषण केले, आणि ते नुसते बोलून थांबले नाहीत. देशांतर्गत कर त्यांनी उठवले, लष्कराचा व आरमाराचा खर्च छाटला, आणि आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरवरून ५ कोटी ७० लाखांवर आणले. आजच्या कोणत्याही अर्थमंत्र्याला हेवा वाटावा असे ते आकडे आहेत.

पण याच जेफरसननी १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अवाढव्य मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतला. तसे करण्याचा अधिकार राज्यघटनेने आपल्याला स्पष्टपणे दिलेला नाही, हे त्यांनाही टोचत होते. शेतकऱ्यांना पुढच्या पिढ्यांसाठी जमीन हवी होती, म्हणून घटनेचा अर्थ थोडा ताणला गेला. ती जमीन रिकामी नव्हती, तिथे मूळ रहिवाशांच्या पिढ्यान् पिढ्या नांदत होत्या, हा विचार बाजूला राहिला. १८०७ मध्ये त्यांनी परदेशी व्यापारच बंद करून टाकला आणि तो बंद ठेवण्यासाठी बंदराबंदरांत सरकारी पहारे बसवले. थोरांच्या अशा विसंगती सापडल्या की इतिहासाच्या शिक्षकाला थोडा आनंद होतो, हे कबूल करते. मात्र पुढची विसंगती आनंद देणारी नाही. स्वतंत्र शेतकऱ्याचे हे गुणगान ज्या माँटिसेलोच्या टेकडीवर बसून लिहिले गेले, तिथल्या शेतात राबणारे लोक गुलाम होते. आयुष्यभरात जेफरसन यांच्या मालकीत सहाशेहून अधिक माणसे होती. ४ जुलै १८२६ रोजी ते वारले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज होते. पुढच्या जानेवारीत माँटिसेलोवर लिलाव झाला आणि सुमारे १३० माणसे विकली गेली. भाकरी कष्टकऱ्याच्या तोंडून काढू नये, या वाक्यातला ‘कष्टकरी’ कोण, हे त्या दिवशी कळले.

आता व्हर्जिनियातून पुण्यास येऊ. त्यासाठी १८१९ हे एकच साल पुरेसे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत व्हर्जिनिया विद्यापीठाला सनद मिळाली. जेफरसन यांच्या थडग्यावर त्यांनी स्वतः ठरवून दिलेल्या तीन गोष्टींत ते विद्यापीठ आहे. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेख मात्र नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एक अहवाल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी कलकत्त्यास पाठवला. पेशवाई बुडून जेमतेम दीड वर्ष झाले होते. नव्या मुलखाचे काय करायचे हे ठरवण्यासाठी हा विद्वान इंग्रज आधी जुने काय होते ते समजून घेत होता. एवढी तरी शिस्त पुढच्या सगळ्यांनी पाळली असती तर बरे झाले असते.

एल्फिन्स्टनना मराठी मुलखात सर्वांत टिकाऊ वाटले ते गाव. राज्ये आली नि गेली, गाव तसेच राहिले. त्यांनी लिहिले की राज्याची सर्व सामग्री या गावांत लहान प्रमाणावर आहे, आणि वरची सगळी सरकारे काढून घेतली तरी ती आपल्या माणसांचे रक्षण बहुतेक करू शकतील. पाटील गावाचा मुख्य, कुलकर्णी हिशेब ठेवणारा, चौगुला पाटलाच्या हाताखाली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट असे बलुतेदार पिकाच्या वाट्यावर गावाची कामे करणारे. आणि तंटा झाला तर पंचायत. ही सारी घडी पुढे त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात तपशिलाने उलगडून दाखवली. जुन्या घरांत तो ग्रंथ असेल तर जरूर चाळावा.

जेफरसन यांचा स्वतंत्र शेतकरी एल्फिन्स्टनना इथे भेटला तो मिरासदाराच्या रूपाने. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची; ती त्याला विकता येई; ठरलेला सारा भरत राहिला तर त्याला कोणी उठवू शकत नसे; आणि सारा थकून जमीन सुटली तरी किमान तीस वर्षे ती परत मागण्याचा त्याचा हक्क शाबूत राही. गावच्या बैठकीत त्याचा शब्द चाले. उपरी कुळाला हे काही नसे. सारा ठरलेला असला तरी सरकार त्यावर नाना पट्ट्या चढवत असे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर वसुलीचा मक्ता जो जास्त बोली देईल त्याला दिला जाई. अशा वेळी गावाचे हे कवच उपयोगी पडे. एल्फिन्स्टन यांच्या अहवालातल्या एका वाक्याशी मी दर वेळी थबकते. ते म्हणतात, अशी गावे अत्यंत चांगल्या राज्यव्यवस्थेशी बहुधा जुळणार नाहीत. पण वाईट राज्यव्यवस्थेवरचा तो एक उत्तम उतारा आहे. मर्यादित सरकाराच्या बाजूने आणि विरुद्ध जे काही म्हणता येईल ते सारे या एका वाक्यात आले आहे, असे मला वाटते.

इथे थोडे घरचे सांगितले पाहिजे. आमच्या घराण्याकडे भीमथडीजवळच्या एका गावचे कुलकर्णी वतन होते. १९५० च्या कायद्याने ती वतने संपली. ‘सरकारने आपले घर बसवले,’ असे आजी अखेरपर्यंत म्हणत असे. तिच्या तोंडी सरकार म्हणजे दुरून आलेला हातच होता. वडील नोकरीसाठी बेंगळुरूच्या कारखान्यात आले, आणि तशाच कारखान्यांतल्या, बँकांतल्या, सराफी पेढ्यांवरच्या मराठी कुटुंबांनी साठ वर्षांपूर्वी पैसा-पैसा जमवून आपली ही शाळा काढली. गावाहून आलेल्या एका पत्र्याच्या पेटीत दफ्तराचे तीन रुमाल होते. रुमाल म्हणजे कागदांचे गाठोडे बांधायचे कापड आणि त्यातले कागदही. घरात मोडी कोणालाच येत नव्हती. पंचेचाळिशी उलटल्यावर मी ती शिकले, अक्षर लावत लावत पहिला रुमाल वाचायला मला तीन उन्हाळी सुट्ट्या लागल्या.

त्यात मिरासदारांची नावे आहेत, बापाच्या नावासकट. त्यांच्या शेतांचीही नावे आहेत. सुताराचे, लोहाराचे नाव आहे. महारकीच्या रकान्यात मात्र नुसते ‘महार’ असे आहे, कुठे ‘महार असामी दोन’. खाली काम लिहिले आहे: सरकारी पोते पोचवणे, बोलावणे करणे, वाटाड्या देणे, शीव राखणे. गावाच्या शिवेचा तंटा लागला तर महाराची साक्ष शेवटची मानत, असे जुन्या व्यवहारांत सर्वत्र दिसते. ज्याच्या शब्दाने गावाची सीमा ठरे, त्याचे घर मात्र वेशीबाहेर. एल्फिन्स्टन यांच्या त्या छोट्या राज्यातले, आपल्या आपण चालणारे, सरकारची गरज नसलेले असे हे गाव होते. आणि ज्या हाताने नाव लिहायचे टाळले तो हात माझ्या पणजोबांच्या आजोबांचा होता.

या गावाचे पुढे काय झाले, त्यात अमेरिका पुन्हा येते, आणि या वेळी ती कल्पना म्हणून येत नाही, भाव म्हणून येते. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांची नवी मोजणी सुरू झाली. सारा तीस वर्षांसाठी ठरला आणि प्रत्येक खातेदार सरकारशी परस्पर बांधला गेला. गावाने मिळून जबाबदारी घेण्याची गरज उरली नाही. चावडीतला तंटा न्यायालयात गेला. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामीच्या प्रश्नावरच ते पेटले होते. दक्षिणेतल्या संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस थांबला. १८६२ पर्यंत इंग्लंडात येणाऱ्या कापसापैकी फार मोठा भाग हिंदुस्थानातून जाऊ लागला. दख्खनेत सावकार घरी येऊन कर्ज देऊ लागला. एवढा कापूस पिकवा, एवढे रुपये उचला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. पाठोपाठ तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी झाली. कित्येक ठिकाणी सारा दीडपटीपासून दुपटीपर्यंत वाढला.

कायद्याने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. व्याज साचत जाऊन कुळ बुडू नये म्हणून १८५९ मध्ये कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली गेली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला. मागचे व्याज मुद्दलात जाऊन नव्या रोख्यावर पुन्हा व्याज सुरू होई. कागद वाचता न येणारा माणूस अंगठा उठवी, आणि न्यायालय अंगठ्याला प्रमाण मानी.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात हे सारे फुटले. भोवतालच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. धान्य लुटले गेले, काही घरे जळली. पण त्यांचा मुख्य रोख होता तो वह्यांवर आणि रोख्यांवर. ते ताब्यात घेऊन जाळायचे, हे जणू ठरलेले होते. पुढच्या दोन महिन्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतली तीसहून अधिक गावे या उठावात आली. सुपे आमच्या गावापासून फार लांब नाही. आमच्या पेटीतले कागद त्या उन्हाळ्यात कसे वाचले, हे मला घरात कोणी सांगू शकले नाही.

अमेरिकेच्या इतिहासातही असेच एक प्रकरण आहे. १७८६ च्या शरद ऋतूत मॅसेच्युसेट्सच्या पश्चिम भागातले कर्जबाजारी शेतकरी, ज्यांतले बरेच स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते, न्यायालयांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि कर्जाचे दावे चालू देईनात. डॅनियल शेज हा त्यांचा पुढारी. पॅरिसमध्ये असलेल्या जेफरसननी मित्राला कळवले की अधूनमधून थोडे बंड झालेले बरेच असते. पण घरी राहिलेले पुढारी घाबरले. काही महिन्यांतच, मे १७८७ मध्ये, फिलाडेल्फियाला ते एकत्र जमले आणि अधिक बळकट केंद्र सरकारची घटना लिहिली गेली. इकडे सुप्यानंतर चौकशी आयोग बसला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.

आपल्या म्हैसूर मुलखाचीही गोष्ट निराळी नाही. १८३०-३१ मध्ये नगर भागात, म्हणजे शिवमोग्याकडे, रयतेने ‘कूट’ भरवून सारा देण्याचे नाकारले. ठरलेली रक्कम भरून देण्याची शर्त पत्करलेल्या अमलदारांनी त्यांना पिळले होते. आणि त्या अंमलात वरच्या जागांवर आपलीच, मराठी बोलणारी देशस्थ मंडळी पुष्कळ होती, हे आपण मराठी शाळेच्या अंकात लपवू नये. उठाव मोडला गेला. १८३१ मध्ये इंग्रजांनी महाराजांकडून कारभार काढून घेतला आणि पुढची पन्नास वर्षे तो त्यांच्या आयुक्तांकडे राहिला. आयुक्तांचा कारभार वाढत गेला, दफ्तरे वाढत गेली, आणि अखेर ती तांबडी इमारत बांधावी लागली. सरकारला एवढी जागा कशाला, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे सापडले. शेतकरी ज्या हाताला विटून उठला, त्याच्या जागी त्याला आणखी लांब हात मिळाला.

उरलेले अर्धे उत्तर जोतीराव फुले यांच्याकडे आहे. त्यांनी तरुणपणी टॉमस पेन वाचले होते, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याच्या विचारांशी त्यांचा परिचय थेट होता. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. का, तर त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला म्हणून. मला हे फार विचार करायला लावते. मिरासदारासारख्या स्वाभिमानी शेतकऱ्याच्या जेफरसनी चित्राकडे न पाहता, त्याच शेतात राबणाऱ्या आणि त्या चित्रात नसलेल्या माणसाकडे पुण्याच्या या माळ्याची नजर गेली. दहा वर्षांनी, १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारवर कोरडे ओढले; पण सरकार लहान करा असे ते कुठे म्हणत नाहीत. उलट, रिकाम्या बसलेल्या शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, विहिरींना पाणी कुठे आहे ते शोधून द्या, असे सांगतात. त्यांचा प्रश्न सरकार केवढे हा नव्हताच. कचेरीत बसलाय कोण, वही कोणाच्या हातात आहे, आणि अंगठा उठवणाऱ्याला ती वाचता येते का, हे ते विचारत होते. कुळकर्ण्यांवरचे त्यांचे शब्द वाचताना पूर्वी मला राग येत असे. पहिला रुमाल वाचून झाल्यावर तो येईनासा झाला.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी म्हटले की सरकारचा मोठा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. शेतकरी साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड भरत होता, त्यातला काही भाग शाळांसाठी होता, आणि त्याच्या गावात शाळा नव्हती. यावरून जेफरसन यांची एक फारशी न सांगितली जाणारी गोष्ट आठवते. सरकारने कमीत कमी करावे म्हणणाऱ्या या माणसाने १७७९ मध्येच व्हर्जिनियाच्या विधिमंडळात असे विधेयक आणले होते की प्रत्येक स्वतंत्र मुलाला, मुलीलासुद्धा, तीन वर्षे सार्वजनिक खर्चाने शिकवावे. ते तसे मंजूर झाले नाही. दुसऱ्याच्या मुलांसाठी कर भरायला जमीनदार राजी नव्हते. ‘स्वतंत्र’ या विशेषणाने गुलामांची मुले वगळली गेली होतीच. बाकीच्यांनाही ते मिळाले नाही. निधीसाठी वर्षानुवर्षे दारोदार फिरलेल्या आपल्या संस्थापकांना जेफरसन यांची ही निराशा चांगली समजली असती.

शेवटचा दुवा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. परत आल्यावर, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविषयी विधेयक आणले. वतन म्हणजे हक्क नव्हे, थोड्याशा धान्यापायी आणि तुटपुंज्या इनाम जमिनीपायी दिवसरात्र सगळ्या सरकारी कामांना जुंपून ठेवणारी बेडी आहे, अशी त्यांची भूमिका होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी टीकाकारांचा मुद्दा घेतला. टीका अशी होती की या घटनेत गावाला स्थान नाही. त्यांनी मेटकाफचा १८३० मधला, गावांना छोटी प्रजासत्ताके म्हणणारा उतारा तिथे वाचून दाखवला आणि मग त्यावर कठोर शब्दांत हल्ला केला: गावे टिकली हे खरे, पण कशी टिकली आणि कोणासाठी? घटनेने गाव न घेता माणूस हा घटक मानला याचा आपल्याला आनंद वाटतो, असे त्यांनी सांगितले. अनेक सभासद दुखावले. पंधरा-वीस दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, के. संतानम यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती मांडली तेव्हा मात्र आंबेडकरांनी ती स्वीकारली. आज ती घटनेच्या ४० व्या कलमात आहे. गावाला अधिकार मिळाले, पण ज्या राज्यघटनेखाली ते मिळाले तिच्यात वेशीबाहेरचा माणूस नावानिशी नागरिक होता. महारकीसह कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा आहे. आमचे कुलकर्णी वतन गेल्यावर आठ वर्षांनी महाराची बेडी सुटली, आणि आजीने या दुसऱ्या कायद्याबद्दल कधी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता वकील झाली आहे आणि त्याच तांबड्या इमारतीत तिची ये-जा असते. गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. मी तिला हे सगळे सांगितले, मोडीचा कागदही दाखवला. तिने महारकीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, ‘बाई, यांचे नाव काय होते?’ दुसऱ्या रुमालात, शिवेच्या एका तंट्याच्या कागदावर, साक्षीदार म्हणून एक नाव मिळाले आहे; अक्षर पुसट आहे, ‘सटवा’ किंवा ‘सटवोजी’ असे काहीतरी लागते. हे तेच की दुसरे कोणी, ते ठरवायला तिसरा रुमाल सोडला पाहिजे. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की बसणार आहे.